ट्रॅव्हल ट्रेलरच्या चाकांची बेअरिंगं किती दिवसांनी उघडायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन अ‍ॅक्सलचा, तीन वर्षं वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) नुकताच घेतला आहे. वर्षाकाठी साधारण ६,००० किलोमीटर फिरणं होईल. आधीच्या मालकांनी सांगितलं की हबला (चाकाच्या मधल्या, बेअरिंगं बसतात त्या भागाला) ग्रीस निप्पल, म्हणजे गनने ग्रीस भरायची तोंडं, आहेत, दरवर्षी चार पंप मारले की झालं. मॅन्युअल म्हणतं दरवर्षी सर्व्हिस करा. ओळखीच्या एकांचं म्हणणं, मोटारीची बेअरिंगं लाख-दीड लाख किलोमीटर कुणी उघडून बघत नाही, मग ट्रेलरचीच का उघडायची? यातलं खरं काय धरायचं?

आधी सरळ उत्तर देतो. पहिल्या प्रवासाआधी चारही चाकं पूर्ण उघडा. जुनं ग्रीस धुऊन काढा, बेअरिंगं उजेडात नीट पाहा, नवी सीलं घाला, नवं ग्रीस भरा आणि मग बसवा. त्यानंतर वर्षातून एकदा किंवा २०,००० किलोमीटरला एकदा, यांतलं जे आधी येईल ते. उत्तर अमेरिकेतल्या ट्रेलरांखाली सर्रास दिसणाऱ्या डेक्स्टरच्या अ‍ॅक्सलचं मॅन्युअलही १२ महिने किंवा १२,००० मैल, म्हणजे सुमारे १९,३०० किलोमीटर, असंच सांगतं. तुमचं फिरणं ६,००० किलोमीटरचं आहे. म्हणजे तुमच्या बाबतीत किलोमीटरचा आकडा कधीच आधी येणार नाही, तुम्हाला कॅलेंडरच बघायचं आहे. आणि बहुतेक लोक नेमके इथे चुकतात. ट्रेलर फारसा चालला नाही म्हणजे बेअरिंग झिजलं नाही, असं त्यांना वाटतं.

माझ्या हातून आजवर जी बेअरिंगं भंगारात गेली, त्यांतली चालून चालून झिजलेली थोडी होती. जास्त होती ती उभ्या-उभ्या खराब झालेली. चाक फिरत असतं तेव्हा रोलर ग्रीस सारखं पसरवत राहतात, धातूवर ताजा थर राहतो. ट्रेलर सहा महिने एका जागी उभा राहिला की सगळं वजन खालच्या बाजूच्या तीन-चार रोलरांवर येतं आणि त्यांच्याखालचं ग्रीस हळूहळू बाजूला सरतं. दिवसा हब तापतो, रात्री गार होतो, आतली हवा प्रसरण-आकुंचन पावते आणि सीलच्या ओठातून थोडी थोडी दमट हवा आत ओढली जाते. ते पाणी थेंबाथेंबाने ग्रीसमध्ये मिसळतं. जिथे रोलर टेकलेला आहे तिथेच, रोलरच्या लांबीएवढी एक बारीक काळी रेघ उमटते. पुढच्या प्रवासात प्रत्येक रोलर त्या रेघेवरून जातो आणि तिच्या कडा तुटायला लागतात.

किती वेळा जातो, त्याचाही हिशेब करून बघा. ट्रेलरला नेहमी दिसणाऱ्या १५ इंची रिमच्या, २०५/७५ मापाच्या टायरचा घेर साधारण २.१६ मीटर असतो. म्हणजे किलोमीटरला ४६० च्या आसपास फेरे. ताशी ९० किलोमीटर वेगाने चाक मिनिटाला जवळपास ७०० वेळा फिरतं. एका दिवसाच्या ५०० किलोमीटरच्या प्रवासात सव्वादोन लाखांहून जास्त फेरे झाले. सकाळी निघताना नुसती रेघ असते, संध्याकाळपर्यंत तिथे खड्डा पडलेला असतो.

एक ट्रेलर आठवतो. मालक अतिशय जपणारे होते. वरून आच्छादन, टायरमध्ये बरोबर हवा, बाहेरून एक ओरखडा नाही. दोन वर्षं जागेवर उभा होता आणि मागच्या सर्व्हिसनंतर फक्त ९०० किलोमीटर चालला होता. एवढ्यात काय होणार म्हणून ते बेअरिंग उघडायला तयार नव्हते. ब्रेक बघण्याच्या निमित्ताने उघडलं, तर एका हबमधलं ग्रीस दुधाळ पांढुरकं झालेलं. दुसऱ्यात आतल्या बेअरिंगचा कोन (रोलर ज्यावर बसतात ती आतली कडी; बाहेरच्या कडीला कप म्हणतात) गंजून स्पिंडलला, म्हणजे हब ज्यावर फिरतो त्या दांड्याला, चिकटलेला. तो काढताना स्पिंडलला धक्का लागू नये म्हणून मला अर्धा दिवस बसावं लागलं. स्पिंडल गेला असता तर बहुतेक ट्रेलरांमध्ये अख्खा अ‍ॅक्सल बदलण्याची वेळ येते, कारण तो नळीला वेल्ड केलेला असतो.

आता मोटारीशी तुलना. तुमच्या ओळखीच्यांचं निरीक्षण चूक नाही, पण त्या दोन वस्तू वेगळ्या आहेत. आजच्या मोटारीला एकसंध, कारखान्यातच ग्रीस भरून बंद केलेलं हब युनिट असतं. त्याचा ताण कारखान्यात ठरलेला असतो आणि सीलही त्याच तोडीची असतात. ट्रेलरच्या हबमध्ये अजूनही दोन सुटी टेपर रोलर बेअरिंगं असतात, एक आत, एक बाहेर. हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना आजही तिथे टिकून आहे आणि त्याला कारण आहे. निमुळते रोलर उभं वजन पेलतात आणि वळणावर येणारा आडवा रेटाही पेलतात, शिवाय बेअरिंग उघडून धुता येतं, तपासता येतं, पुन्हा बसवता येतं. पण या रचनेत प्ले, म्हणजे बेअरिंगमधली किंचित मोकळीक, हाताने लावायचा असतो, मागे एक साधं रबरी ओठाचं सील असतं आणि पुढे ठोकून बसवलेली पत्र्याची कॅप. वर ट्रेलर बहुधा अ‍ॅक्सलच्या क्षमतेच्या अगदी जवळ भरलेला असतो. मोटार रोज थोडी चालते, ट्रेलर महिनोन् महिने झोपतो आणि मग एकदम दिवसभर धावतो. मोटारीचा नियम इथे लावू नका.

आता निप्पलबद्दल, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याचेच आहेत. तुमच्या हबच्या टोकाची रबरी टोपी काढली की स्पिंडलच्या मध्यभागी निप्पल दिसेल. स्पिंडल आतून पोखरलेला असतो. निप्पलमधून गेलेलं ग्रीस त्या भोकातून थेट मागे, सील आणि आतल्या बेअरिंगच्या मधल्या जागेत उतरतं. तिथून ते आतल्या बेअरिंगमधून पुढे सरकतं, हबची पोकळी भरतं, बाहेरच्या बेअरिंगमधून जातं आणि शेवटी टोपीपाशी बाहेर येतं. कल्पना चांगली आहे. पण या सगळ्या वाटेत बरंच ग्रीस मावतं. कोरड्या हबमध्ये टोपीपाशी ग्रीस दिसेपर्यंत कित्येक डझन पंप लागतात. मग चार पंपांत काय होणार? ताजं ग्रीस जेमतेम सीलच्या पाठीमागे पोहोचतं. बाहेरच्या बेअरिंगमध्ये तीन वर्षांपूर्वीचंच ग्रीस राहतं, आणि मालकाला मात्र दरवर्षी सर्व्हिस केल्याचं समाधान मिळतं.

उलटा धोकाही आहे. चाक न फिरवता, थंडीत घट्ट झालेलं ग्रीस घाईघाईने किंवा हवेच्या दाबावर चालणाऱ्या गनने भरलं, तर पुढे जायला वाट नसलेलं ग्रीस मागचं सील उलटवतं आणि सरळ ब्रेक ड्रममध्ये जातं. बाहेरून काहीच कळत नाही. असा एक ट्रेलर माझ्याकडे आला होता. उतारावर ब्रेक लागेना म्हणून मालक घाबरून आले होते. चारांपैकी तीन ड्रम ग्रीसने भरलेले निघाले. ग्रीस प्यालेले लायनर धुऊन परत कामाचे होत नाहीत. सॉल्व्हंटने पुसले तरी गरम झाल्यावर आतलं ग्रीस पुन्हा वर येतं. शू बदलावे लागतात, आणि बदलायचे तर त्याच अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंचे, नाहीतर ब्रेक लावला की ट्रेलर एका बाजूला ओढतो.

म्हणून निप्पलबाबत माझं मत असं आहे. ट्रेलर पाण्यातून गेला आणि हब बुडाले, तर तिथल्या तिथे पाणी बाहेर ढकलायला निप्पल उपयोगी. दोन पूर्ण सर्व्हिसच्या मधल्या काळात थोडं ग्रीस द्यायलाही ठीक. द्यायचं तेव्हा चाक उचललेलं हवं, एका हाताने चाक सतत फिरतं ठेवायचं, हातगनने सावकाश पंप मारायचे आणि गनचा दांडा जड लागला की थांबायचं. पण याला सर्व्हिस म्हणू नका. निप्पलमधून ग्रीस आत जातं, नजर आत जात नाही. वर्षातून एकदा उघडायचं ते बघण्यासाठी. बेअरिंगबरोबर ब्रेकचे शू, चुंबक, त्यांच्या वायरी आणि सीलचा ओठही तेव्हाच दिसतो. इलेक्ट्रिक ब्रेकच्या चुंबकाची वायर घासून तुटायच्या बेतात आहे हे दुसऱ्या कुठल्याही मार्गाने कळणार नाही.

उघडायचं कसं ते थोडक्यात सांगतो, पण एका गोष्टीवर थांबतो. जॅक अ‍ॅक्सलच्या नळीखाली लावू नका. नळी वाकली तर चाकांची रेषा बिघडते आणि टायर एका कडेने झिजायला लागतात. चासीच्या मुख्य बीमखाली उचला, स्टँड लावा, ट्रेलरच्या दुसऱ्या बाजूच्या चाकांना अडण्या द्या आणि ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला जोडलेलाच ठेवा. नुसत्या जॅकवर तोललेल्या ट्रेलरखाली हात घालायचा नाही. पुढे कॅप, स्प्लिट पिन, नट, वॉशर, बाहेरचं बेअरिंग, मग ड्रम. सुटे भाग ज्या चाकाचे त्याच चाकापाशी, आतलं आणि बाहेरचं वेगळं ठेवून मांडा. रोलर आणि कप एकमेकांशी जुळून गेलेले असतात, त्यांची अदलाबदल नको.

धुवायला रॉकेल किंवा पार्ट क्लीनर चालतो. पेट्रोल नको. धुतल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग गरगर फिरवायचा मोह होतो, तो अजिबात करू नका. कोरडं बेअरिंग हवेच्या झोताने प्रचंड वेगाने फिरतं, पिंजरा (रोलरांना जागेवर धरणारी पत्र्याची चौकट) फुटतो आणि रोलर गोळीसारखे सुटतात. हवा मारायचीच तर पिंजरा बोटांनी घट्ट धरून, आडवी मारा. तसंच ड्रममधली ब्रेकची धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या.

आता बघायचं काय. इथे वेळ द्या, कारण पुढच्या वर्षाचा निर्णय इथेच होतो. चांगल्या रोलरचा पृष्ठभाग सगळीकडे सारखा, मंद राखाडी चमकेचा असतो. त्यावर बोटाचं नख फिरवलं तर कुठेही अडत नाही. नुसता पिवळसर-तपकिरी डाग असेल, फडक्याने फिका होत असेल आणि नख अडत नसेल, तर तो जुन्या ग्रीसचा डाग, चालेल. निळसर किंवा जांभळट झाक दिसली तर बेअरिंग जास्त तापलेलं आहे. त्याचं पोलाद मऊ पडलेलं असतं, ते परत बसवायचं नाही. रोलरांच्या अंतराएवढ्या अंतरावर काळ्या रेघा दिसल्या तर पाणी शिरलेलं आहे. त्या रेघांना नख अडत असेल तर बदला. कपमध्ये खवल्यासारखा पापुद्रा निघाला असेल तर विचारच करायचा नाही. रोलरच्या जाड टोकावर ओरखडे असतील तर ग्रीस कमी पडलं होतं किंवा नट जास्त आवळलेला होता. पिंजरा वाकलेला असेल किंवा रोलर सैल वाजत असतील तर तेही बाद.

बदलायचं तर कोन आणि कप दोन्ही बदला. नवा कोन जुन्या कपमध्ये घालून वाचवलेले पैसे टिकत नाहीत. जुना कप पितळी किंवा मऊ लोखंडाच्या दांड्याने आळीपाळीने समोरासमोरच्या बाजूंनी ठोकून काढा. नवा कप पूर्ण बसला की हातोडीचा आवाज बदलतो, पोकळ ठोक जाऊन भरीव टणक ठोक येतो. तो आवाज कानाने ओळखायला शिका. अर्धवट बसलेला कप पुढे प्रवासात सरकतो आणि तुम्ही नीट लावलेला प्ले आपोआप ढिला होतो. नंबर बेअरिंगवरच कोरलेला असतो, तो वाचून मगच नवं घ्या. ३,५०० पौंड क्षमतेच्या पुष्कळ अ‍ॅक्सलवर आत एल६८१४९ आणि बाहेर एल४४६४९ हे कोन असतात, पण तुमच्या ट्रेलरवर काय आहे ते तुमच्या डोळ्यांनी पाहा. आधी कुणी दुरुस्ती केली असेल तर अंदाज चुकतो.

सील दर वेळी नवं. जुनं कितीही चांगलं दिसलं तरी. काढताना ते वाकतंच, आणि सीलच्या किमतीपुढे ब्रेक शूंची किंमत कितीतरी मोठी आहे. निप्पलवाल्या हबला दुहेरी ओठाचं सील लागतं, ते मागून घ्या. स्पिंडलवर जिथे सीलचा ओठ घासतो ती पट्टी गुळगुळीत आहे का तेही बोटाने बघा. तिथे गंजाचा खरखरीतपणा असला तर नवं सीलही लवकर फाटतं.

ग्रीसबद्दल लोक फार वाद घालतात. माझ्या लेखी ते प्रकरण लहान आहे. एनएलजीआय २ ग्रेडचं (हा ग्रीसच्या घट्टपणाचा आकडा), चाकांच्या बेअरिंगसाठीचं, डब्यावर जीसी-एलबी असा दर्जाचा शिक्का असलेलं लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस घ्या आणि दर वर्षी तेच वापरा. रंगावर जाऊ नका. रंग फक्त ओळखीसाठी घातलेला असतो, निळं म्हणजे चांगलं आणि लाल म्हणजे साधं असं काही नसतं. खरी अडचण मिसळण्यात आहे. लिथियम, पॉलियुरिया आणि मातीच्या आधाराची ग्रीसं एकत्र आली तर कधी कधी पातळ होऊन वाहतात. तुमच्या हबमध्ये आज कोणतं ग्रीस आहे हे माहीत नाही, म्हणून त्यात निप्पलमधून नवं ढकलू नका. पहिल्या वेळी सगळं धुऊन काढायला सांगतोय त्याचं हेही एक कारण आहे. भरताना तळहातावर ग्रीसचा गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद बाजू त्याच्या कडेवर दाबत राहा. दुसऱ्या बाजूने रोलरांच्या मधून ग्रीस बाहेर आलं की थोडं फिरवून पुढची जागा. नुसतं वरून चोपडलेलं ग्रीस आत जात नाही. निप्पल नसलेल्या हबची पोकळी गच्च भरू नका, कपांच्या मधे एक जाड थर पुरे. जास्तीचं ग्रीस घुसळून उष्णता वाढते.

आता नट. मी अनोळखी ट्रेलर उघडतो तेव्हा सगळ्यात जास्त चुका इथे सापडतात. चाकाचा नट म्हटलं की हात आपोआप जोर लावतो. पण टेपर बेअरिंगला आवळलेलं चालत नाही. डेक्स्टरची पद्धत साधी आहे आणि मी तीच वापरतो. हब हाताने फिरवत राहून नट साधारण ५० फूट-पौंड, म्हणजे ६८ न्यूटन-मीटरपर्यंत आवळायचा, म्हणजे सगळे भाग आपापल्या जागी बसतात आणि मधलं जास्तीचं ग्रीस बाहेर निघतं. मग हब न फिरवता नट ढिला करायचा, ताण पूर्ण निघेपर्यंत. मग पान्याशिवाय, फक्त बोटांनी जेवढा फिरेल तेवढा फिरवायचा. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट मागे घ्यायचा, पुढे नाही. शेवटी नट पिनीच्या आधारानेच थांबलेला असतो, जोराने नाही. हब आत-बाहेर हलवला तर किंचित हालचाल जाणवली पाहिजे, ०.०२५ ते ०.२५ मिलिमीटर. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांनी मला पहिले कित्येक दिवस डोळे मिटून हे काम करायला लावलं होतं. बघून करताना हात जोर लावतो, न बघता करताना बोटांना प्ले कळायला लागतो. आजही शेवटचा फेरा मी डोळे मिटूनच घेतो. सैल नट वाईटच, पण आवळलेला नट जास्त वाईट. सैल चाक आवाज करतं, डुगडुगतं, टायर विचित्र झिजवतं, म्हणजे ते सांगतं तरी. आवळलेलं बेअरिंग मुकाट्याने तापत जातं. पिंजरा जातो, रोलर सांडतात, आणि काही किलोमीटरांत हब स्पिंडलवरून निघून येतो.

चाक परत लावल्यावर त्याचे नट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. अर्ध्या इंची स्टडना तो साधारण ९० ते १२० फूट-पौंड असतो. मग १५, ४० आणि ८० किलोमीटरवर थांबून पुन्हा तपासा. हे करणारे लोक मला फार कमी भेटतात आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण पाच मिनिटांचं काम आहे.

वर्षाची मुदत कुठे ताणता येते आणि कुठे नाही, तेही सांगतो. ट्रेलर तुम्ही स्वतः लागोपाठ दोन वर्षं उघडला, दोन्ही वेळा ग्रीस स्वच्छ निघालं, कुठेही रेघ नाही, ट्रेलर कोरड्या छपराखाली उभा असतो आणि पाण्यातून गेलेला नाही, तर पुढची पूर्ण उघडणी दोन वर्षांनी केली तरी मी हरकत घेणार नाही. मधल्या वर्षी चाक उचलून प्ले आणि आवाज तपासायचा, एवढं मात्र हवंच. वॉरंटी चालू असेल तर ही सूट विसरा, मॅन्युअल सांगेल तेच करा आणि पावत्या जपा. उलट हब पाण्यात बुडाले असतील तर वर्षाची वाट बघायची नाही, दोन-तीन दिवसांत उघडा. दिवसभर चालून गरम झालेला हब थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचलं जातं, एकदाच पुरतं. बोटींच्या ट्रेलरांची बेअरिंगं एवढी का जातात, त्याचं मूळ यातच आहे. आणि अगदी कोरा ट्रेलर घेतला तरी पहिलं वर्ष संपण्याआधी एकदा उघडून बघावं असं मला वाटतं. कारखान्यातून आलेल्या हबमध्ये बोटभर ग्रीस आणि शेजारच्यात गच्च, असं मी एकाच अ‍ॅक्सलवर पाहिलेलं आहे.

वर्षात केव्हा उघडायचं? बहुतेक लोक पहिल्या प्रवासाच्या आदल्या आठवड्यात करतात. माझं मत वेगळं आहे. शेवटचा प्रवास झाला, ट्रेलर आता उभा राहणार, तेव्हा करा. वर्षभरात आत शिरलेला ओलावा जुन्या ग्रीसमध्ये घेऊन बेअरिंग सहा महिने उभं राहण्यापेक्षा नव्या ग्रीसमध्ये उभं राहिलेलं बरं. शिवाय एखादा भाग बदलायचा निघाला तर मागवायला वेळ असतो. उभा असताना महिन्यातून एकदा ट्रेलर हातभर पुढे-मागे सरकवा, म्हणजे वजन रोज त्याच रोलरांवर राहत नाही.

एक सावधगिरीची सूचना. हे सगळं सुट्या टेपर बेअरिंगांच्या हबचं आहे. सगळे अ‍ॅक्सल असे नसतात. युरोपीय कॅराव्हॅनखालच्या अल-कोच्या बऱ्याच अ‍ॅक्सलवर बंद बेअरिंग असतं, त्यात ग्रीस भरायचं नसतं. त्याचा नट एकदाच वापरायचा असतो, ड्रम काढला की नवा नट लागतो आणि तो २९० न्यूटन-मीटरला आवळतात. वर सांगितलेली बोटांनी नट लावायची पद्धत तिथे लावली तर चाक गमवाल. डेक्स्टरचेही नेव्हर-ल्यूब नावाचे बंद बेअरिंगचे अ‍ॅक्सल आहेत. अशांची वर्षाला फक्त तपासणी करायची. तेव्हा पाना हातात घेण्याआधी अ‍ॅक्सलवरची पट्टी वाचा आणि तुमच्याकडे कोणता प्रकार आहे ते नक्की करा. निप्पल आहे म्हणताय त्यावरून तुमचा पहिला प्रकार वाटतो.

दोन उघडण्यांच्या मधे हाताला एक सवय लावून घ्या. प्रवासात प्रत्येक थांब्यावर, जोरात ब्रेक न लावता सावकाश थांबून, चारही हबांवर हाताची मागची बाजू टेकवायची. आधी जवळ नेऊन धग बघा, मग टेकवा. स्वस्तातला इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर आणखी चांगलं, फक्त दर वेळी हबच्या त्याच जागेवर धरा. आकडा किती याला मी फार महत्त्व देत नाही, तो हवेवर, उन्हावर आणि ब्रेकवर अवलंबून असतो. चार चाकांतलं एक बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे का, हे बघायचं. तीन हब कोमट आणि चौथ्यावर हात ठेववत नाही, तर पुढे जाऊ नका. ते बेअरिंग असेल किंवा अडकलेला ब्रेक असेल, दोन्हींसाठी थांबायलाच हवं. ड्रमजवळ पाणी ओतून तो गार करायचा प्रयत्न करू नका. आणि एखादा हब बाकीच्यांपेक्षा बराच गार लागला तर तेही लिहून ठेवा, त्या चाकाचा ब्रेक बहुधा लागतच नाही.

बरोबर काय ठेवायचं, हेही पुष्कळजण विचारतात. आतल्या आणि बाहेरच्या बेअरिंगचा एकेक संच कपासह, दोन सीलं, एक कॅप, मूठभर स्प्लिट पिना आणि ग्रीसची एक छोटी नळी, सगळं हवाबंद डब्यात. आडरस्त्यावर मेकॅनिक मिळतो, पण तुमच्या नंबराचं सील त्याच्याकडे असेलच असं नाही.

तुम्ही पहिल्यांदा उघडाल तेव्हा एक वही करा. चाकाला नाव द्या, डावं पुढचं, डावं मागचं, असं. तारीख, किलोमीटर, ग्रीस कोणतं, काढलेल्या ग्रीसचा रंग, रोलरवर काही दिसलं का, ब्रेक शूंची जाडी. सोबत प्रत्येक कपचा एक फोटो. पुढच्या वर्षी ते फोटो शेजारी ठेवून बघा. चारही हब स्वच्छ निघाले तर त्या वहीच्या आधारावर मुदत ताणायची की नाही हे ठरवता येईल. एकाच चाकात दोन्ही वर्षी ओलावा दिसला तर ग्रीसला दोष देऊ नका. त्या चाकाचा स्पिंडल सीलच्या जागी खरखरीत आहे का ते तपासा, आणि डस्ट कॅपची कड वाकलेली आहे का तेही. बहुतेक वेळा या दोहोंतलंच एक सापडतं.